वतन आणि वेतन

कोणत्याही समाजाची परीक्षा त्याच्या देवळांवरून आणि ग्रंथांवरून जशी होते, तशीच ती त्याच्या हजेरीपटावरूनही होते. पोट भरण्यासाठी कोणास कोणते काम करू दिले जाते आणि कोणास ते नाकारले जाते, ह्या एका प्रश्नाचा शोध घेत गेले असता त्या समाजाच्या मनाचा जितका थांग लागतो, तितका त्याच्या सुभाषितांवरून लागत नाही. हा निकष आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासाच्या एका उपेक्षित बाजूस लावून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ज्यांची प्रीती समान लिंगाच्या व्यक्तीवर जडते, अथवा ज्यांचा लिंगभाव जन्मवेळच्या नोंदीशी जुळत नाही, अशा माणसांस आपण कामाच्या ठिकाणी कसे वागविले, हा तो विषय होय.

आम्ही राहतो त्या नवीन पनवेलात हा विषय दूरचा नाही. सिडकोने आखून वसविलेले हे गाव मुख्यतः नोकरदारांचे. सकाळ झाली की माणसांचा लोंढा स्थानकाकडे लोटतो आणि हार्बर मार्गाची गाडी त्यास बेलापूर, वाशी, कुर्ला, मुंबई अशा ठिकठिकाणी नेऊन सोडते. त्याच गाडीच्या डब्यात टाळी वाजवून हात पसरणारी एखादी तृतीयपंथी व्यक्ती चढते, आणि नोकरदार मंडळी कोणी नाणे देऊन, कोणी मान वळवून तिच्यापासून सुटका करून घेतात. परंतु त्या मान वळविणाऱ्यांतही असे कोणी असतात, की जे कचेरीच्या दाराशी आपल्या आयुष्याचा अर्धा भाग ठेवून मगच आत पाऊल टाकतात. घरी कोण वाट पाहते हे ज्यांना सहकाऱ्यांजवळ बोलता येत नाही. एकीस वेतन नाही. दुसऱ्यास वेतन आहे, पण ते मौन पाळण्याच्या अटीवर. ही दोन दुःखे वरवर पाहता भिन्न दिसतात. त्यांचा उगम एकच आहे, असे आम्हांस वाटते; आणि तो दाखविण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

महाभारतातील विराटपर्वाची कथा आपल्याकडे लहान मुलांसही ठाऊक असते. अज्ञातवासातील अर्जुन बृहन्नडेच्या वेषाने मत्स्यराजाकडे नोकरी मागावयास येतो. राजाची पहिली प्रतिक्रिया मोठी मनोरंजक आहे: ह्या बाहूंना धनुष्य शोभेल, असे त्यास वाटते. तरीही बृहन्नडा नृत्य व गायन शिकविण्याचेच काम मागते. राजा तिच्या कलेची व तिच्या देहाचीही परीक्षा करवितो, आणि मग उत्तरेची शिक्षिका म्हणून तिची अंतःपुरात नेमणूक होते. ह्या कथेतील व्यवहार नीट लक्षात घेण्याजोगा आहे. राजाने तिला हाकलून दिले नाही, तिचा उपहासही केला नाही. तिला मानाची जागा दिली. परंतु ती जागा एका विशिष्ट भिंतीच्या आतली होती. धनुष्य हाती येण्यास कौरवांनी गाई पळवाव्या लागल्या. आदर आहे, पण तो ठरलेल्या कामापुरता, ही आपल्या परंपरेची रीत ह्या कथेत जितकी स्पष्ट उमटली आहे तितकी अन्यत्र क्वचितच आढळेल.

मराठी राज्याच्या काळात हीच रीत कागदोपत्री दिसते. त्या काळच्या दप्तरांत ज्यांचा उल्लेख 'हिजडे' असा येतो, त्या समुदायातील काही जणांस सनदा होत्या. गावोगाव ठरावीक लहानसा हक्क मागून घेण्याचा अधिकार त्यांस होता आणि काहींकडे इनाम जमिनीही चालत होत्या. हा हक्क गुरूकडून शिष्याकडे जाई. पाटील, कुलकर्णी, जोशी, गुरव ह्यांची जशी वतने, तसेच हेही एक प्रकारचे वतन होय. ज्या समाजात मनुष्याचे स्थान म्हणजे त्याचे वतन, त्यात ज्यास वतन आहे तो परका ठरत नाही, ही ह्या व्यवस्थेची जमेची बाजू. कर्नाटकाच्या सीमेवर, कोल्हापूर, सांगली, सोलापूर ह्या बाजूंस यल्लम्मेच्या जोगत्यांची परंपराही अशाच मान्यतेवर उभी होती. परंतु वतनाचा दुसरा धर्म असा, की ते माणसास बांधून टाकते. जोगत्याने परडी घ्यावी, तृतीयपंथीयाने आशीर्वाद द्यावा आणि हक्क मागावा. ह्यापलीकडे त्यास काही करावेसे वाटते काय, हे विचारण्याची गरज कोणासच भासली नाही. राजन गवस ह्यांनी आपल्या 'भंडारभोग' ह्या कादंबरीत जोगत्याच्या जिण्याचे जे दर्शन घडविले आहे, ते वाचणाऱ्यास ह्या देवदत्त मानाची किंमत कळून येते.

इंग्रजी अंमल आला आणि ह्या वतनांवर प्रथम घाला पडला. १८५२ सालच्या अकराव्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनामांची चौकशी सुरू झाली. सार्वजनिक सभ्यतेस बाध आणणारे हक्क सरकारने पुढे चालवू नयेत, असा त्या धोरणाचा रोख होता, आणि तृतीयपंथीयांचे हक्क त्या सभ्यतेच्या चाळणीतून खाली पडले. त्यानंतर १८६० मध्ये भारतीय दंडविधान झाले, ते १८६२ पासून अमलात आले, आणि त्याच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध हा गुन्हा ठरला. १८७१ साली तथाकथित गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानातील तृतीयपंथीयांची पोलिसांकडे नोंद करण्याचे ठरविले. स्त्रीवेषाने चारचौघांत वावरणे किंवा नाचणे ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली. म्हणजे ज्या एका कामावर परंपरेने त्यांस बांधून ठेवले होते, तेही काम करणे आता गुन्हा झाले. आणि दुसरे काम तर कोणीच देऊ केले नाही! वतन गेले, वेतन आले नाही. रेल्वेच्या डब्यातील पसरलेल्या हातामागे हा असा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

येथे कोणी म्हणेल, की मराठी समाज एवढा कठोर कधीच नव्हता. ज्या समाजाने बालगंधर्वांना डोक्यावर घेतले, त्यावर असा आरोप कसा करावा? प्रश्न रास्त आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत नारायणराव राजहंसांनी उभी केलेली भामिनी व सिंधू पाहून आपल्या आज्या-पणज्यांनी लुगड्याची व केसांची धाटणी बदलली, हे खरेच आहे. नटाच्या भूमिकेवरून त्याच्या अंतरंगाविषयी तर्क करणे अनुचित होय. आणि तसे आम्ही करीत नाही. मुद्दा प्रेक्षकांविषयी आहे. जे रूप रंगमंचावर तीन तास प्रेमाने पाहिले जाई, ते दुसऱ्या दिवशी कचेरीच्या मेजापाशी येऊन बसले असते, तर त्याच प्रेक्षकांनी काय केले असते? विराटाचे अंतःपुर, यल्लम्मेचे देऊळ, नाटकाचा मंच ह्या सर्व आखून दिलेल्या जागा आहेत. समाजाचे औदार्य त्या रेषेच्या आत असते.

वेतनाच्या जगात, म्हणजे शाळा, कचेऱ्या, कॉलेजे ह्यांच्या जगात ही रेषा कोठे असते, ह्याचे पहिले मोठे मराठी उदाहरण रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांचे आहे. कर्वे स्वतः विवाहित गृहस्थ. त्यांचा अपराध केवळ विचाराचा होता. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत आणि संततिनियमनाचा प्रचार करीत. त्यांच्या गणितात खोट असल्याची तक्रार नव्हती. तरी १९२५ साली त्यांस त्या जागेवरून दूर व्हावे लागले. १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढले आणि १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, पदरमोड करून चालविले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांस ते सरळ उत्तरे देत. समलिंगी आकर्षणासंबंधीच्या शंकाही त्यांत असत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, कर्व्यांस दंड झाला. परंतु समलिंगी माणसांविषयी जाणकारपणे बोलण्याचा अधिकार मागण्यासाठी मराठी भाषेतील दोन थोर माणसे त्या काळी न्यायालयात एका बाजूस उभी होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून यावी इतक्या मोलाची आहे.

कर्व्यांची नोकरी गेली ती विचारापायी. त्यानंतर पंचाऐंशी वर्षांनी एका मराठी प्राध्यापकावर जो प्रसंग आला, तो केवळ त्याच्या खाजगी जीवनापायी. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडील. अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवीत आणि आधुनिक भारतीय भाषांच्या विभागाचे प्रमुख होते. उर्दूच्या त्या नगरीत मराठीचा दिवा लावून बसलेला हा एकटा माणूस कवीही होता. 'पाया खालची हिरवळ' ह्या त्यांच्या संग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार लाभला होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी काही माणसे त्यांच्या राहत्या घरात घुसली आणि दुसऱ्या एका पुरुषासोबतच्या त्यांच्या खाजगी क्षणांचे चित्रण करून गेली. दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने सिरसांस निलंबित केले; विद्यापीठाचे घरही सोडावयास सांगितले. निवृत्तीस काही महिनेच उरले होते. ज्यांनी परक्याच्या घरात घुसून गुन्हा केला, त्यांची चौकशी मागे राहिली. आणि ज्याच्या घरात ते घुसले, तोच आरोपीच्या पिंजऱ्यात आला!

येथे कालक्रम लक्षात ठेवावा. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता, की सज्ञान व्यक्तींमधील परस्परसंमतीच्या खाजगी संबंधास ३७७ वे कलम लागू नाही. तो निकाल त्या वेळी अबाधित होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला तो पुढे डिसेंबर २०१३ मध्ये. अर्थात सिरसांचे वर्तन गुन्हा होते, असे म्हणण्यास आधार उरला नव्हता. आधार होता तो 'गैरवर्तन' ह्या नोकरीच्या नियमांतील लवचिक शब्दाचा. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली, आणि तसे करताना जे तत्त्व सांगितले ते फार महत्त्वाचे आहे: शिक्षक झाला तरी त्याच्या खाजगीपणाचा हक्क शाबूत असतो, त्याच्या खाजगी वर्तनाचा त्याच्या नोकरीशी खराखुरा संबंध पोहोचत असेल, तरच ते गैरवर्तन म्हणता येईल. न्याय मिळाला, परंतु तो भोगण्यास माणूस उरला नाही. ७ एप्रिल रोजी सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृत आढळले. त्यांच्यावर निघालेला 'अलीगढ' हा हिंदी चित्रपट २०१६ साली आपल्याकडे पुष्कळांनी पाहिला. त्या चित्रपटातला प्राध्यापक आपल्या भाषेचा कवी होता, हे पाहणाऱ्यांपैकी कितीजणांच्या मनावर ठसले, कोण जाणे!

आमच्या व्यवसायबंधूंपैकी काहींचा ह्यावर एक आक्षेप असतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, शिक्षकाची गोष्ट निराळी. त्याच्या शीलाकडे विद्यार्थी पाहत असतात. शिक्षकास शील हवे, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु शील कशात आहे? विद्यार्थ्यांवर अधिकाराचा दबाव आणणे, गुणांच्या बदल्यात काही मागणे, वर्गात न शिकविता वेतन उचलणे ही दुःशीलता होय; आणि ती करणारा विवाहित पुरुष असला तरी ती तितकीच निंद्य होय. सिरसांवर असा कोणताही आरोप नव्हता. शील तपासण्याची ही तळमळ जेव्हा एकाच प्रकारच्या माणसांच्या खोलीत डोकावते आणि इतरांच्या दारावरून निमूट पुढे जाते, तेव्हा तिचे नाव नीतिमत्ता नसते. तो निव्वळ पक्षपात होय.

तिसरे उदाहरण देहाचे आहे, आणि त्याचा शेवट सुदैवाने निराळा झाला. बीड जिल्ह्याच्या पोलीस दलात स्त्री म्हणून भरती झालेले ललित साळवे ह्यांनी २०१७ साली लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने ती नाकारली. स्त्रियांच्या जागेवर भरती झालेली व्यक्ती पुरुष झाल्यास तिला कोणत्या नियमाने सेवेत ठेवावे, हा खात्यापुढचा पेच. कारण उंची, छाती इत्यादींच्या अटी दोहोंस वेगळ्या. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, वृत्तपत्रांत गाजले, आणि अखेर मे २०१८ मध्ये शासनाने परवानगी दिली. मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रियांस आरंभ झाला आणि साळवे पुरुष शिपाई म्हणून त्याच दलात रुजू राहिले.

रजेच्या अर्जावरून आम्हां पनवेलकरांस साहजिकच दुसऱ्या एका अर्जाची आठवण होते. येथून जवळच असलेल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून असताना आई आजारी पडल्याचे कळून त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही, आणि ते घरी पोहोचले तेव्हा आईने डोळे मिटले होते. दोन प्रसंगांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु नोकराच्या आयुष्यातील अत्यंत जिव्हाळ्याची गोष्ट वरिष्ठाच्या मेजावर एक कागद होऊन पडते, आणि त्यावरील शेऱ्यात धन्याच्या माणुसकीची परीक्षा होते, हे दोहोंत सारखे आहे. साळव्यांच्या बाबतीत तो कागद आठ महिने फिरला. शेवटी जे घडले त्यावरून मात्र एक गोष्ट सिद्ध झाली: नियमांत ज्याची सोय नव्हती, ती करता आली, आणि त्यामुळे पोलीस दलाचे काही बिघडले नाही.

कायद्याची चाके ह्याच सुमारास वेगाने फिरू लागली होती. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस आपला लिंगभाव स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी, साळव्यांस परवानगी मिळाल्यानंतर चार महिन्यांनी, सज्ञानांच्या संमतीपुरते ३७७ वे कलम घटनाबाह्य ठरले. २०१९ साली झालेल्या कायद्याने नोकरीत तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु कायदा आणि कचेरी ह्यांच्यात जे अंतर असते, ते ज्याने सरकारी अर्ज भरला आहे त्यास सांगावयास नको. २०२२ च्या अखेरीस महाराष्ट्र पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री व पुरुष ह्यांशिवाय तिसरा रकाना नव्हता. तो घालण्याचा प्रशासकीय न्यायाधिकरणाचा आदेश झाल्यावर राज्य सरकारने त्याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली, आणि तेथे कानउघाडणी झाल्यावर मगच तो रकाना आला. २०१४ च्या निकालास तेव्हा आठ वर्षे होऊन गेली होती! १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोकरी गमावलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या अर्जावर तिला भरपाई देवविली, सरकारांच्या अनास्थेवर कडक ताशेरे ओढले आणि धोरण सुचविण्यासाठी समिती नेमली. पंधरा वर्षांनी पुन्हा शिक्षकच न्यायालयात होता, हा योगायोग आम्हांस अस्वस्थ करतो.

जेथे मनावर घेतले तेथे काम झाले, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. २०२२ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तृतीयपंथीयांस सुरक्षारक्षक व स्वच्छतेवर देखरेख ठेवणारे कर्मचारी म्हणून कामावर घेतले. विक्रोळीच्या गोदरेज उद्योगसमूहाने २०१८ मध्ये पारलिंगी माणसांस नोकरीत कसे सामावून घ्यावे ह्याविषयी एक जाहीरनामाच प्रसिद्ध केला. केरळातील कोची मेट्रोने २०१७ साली अशा कर्मचाऱ्यांची तुकडी नेमली. पण त्यांतील काहींस थोड्याच दिवसांत काम सोडावे लागले. कारण मोठे बोलके आहे: कामाच्या जवळ राहावयास भाड्याने घर कोणी देईना. धन्याने दार उघडले, परंतु घरमालकाने लावून घेतले. ह्यावरून हे ध्यानात यावे, की वेतनाचा प्रश्न केवळ कचेरीत सुटत नाही. नवीन पनवेलच्या एखाद्या सहकारी गृहसंस्थेच्या सभेतही तो येऊन बसतो.

आता राहिला तो सर्वांत सौम्य आणि म्हणूनच सर्वांत चिवट आक्षेप. पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात, कचेरी कामाची जागा. तेथे ज्याने त्याने आपले काम करावे, हे विषय तेथे हवेतच कशाला? आमचे उत्तर असे, की हे विषय तेथे नित्य असतातच. संक्रांतीचा तिळगूळ, महिला कर्मचाऱ्यांचे हळदीकुंकू, लग्नाच्या पत्रिका, बारशाचे पेढे, सहकुटुंब वार्षिक सहल ह्यांतून प्रत्येकाचे घर कचेरीत येत असते, आणि ते यावे ह्यात काही गैर नाही. ज्याने लग्न केले नाही त्यास चार सहकारी स्थळे सुचवितात. त्यांचा हेतू प्रेमळच असतो. परंतु वीस वर्षे एका व्यक्तीसोबत संसार करून जो 'एकटाच आहे' असे सांगत राहतो, त्याच्यावर त्या प्रेमळ चौकशीचा भार किती पडत असेल! त्याचा सोबती रुग्णालयात असता त्याने रजेच्या अर्जात कोणते नाते लिहावे? १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देणे हे कायदेमंडळाचे काम म्हणून आपल्याकडे घेतले नाही. त्यामुळे 'पती' व 'पत्नी' हे शब्द त्यास उपलब्ध झाले नाहीत. २०२४ च्या ऑगस्टात केंद्र सरकारने एवढे स्पष्ट केले, की बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व त्या खात्यासाठी सोबत्याचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नाही. पाऊल लहान आहे, पण त्यात दिशा आहे.

ह्या साऱ्या इतिहासाचे तात्पर्य काय? आम्हांस ते असे दिसते. वतनाच्या युगाने ह्या माणसांस जागा दिली, पण निवड दिली नाही. इंग्रजी सभ्यतेने जागाही हिरावून घेतली. आणि वेतनाच्या युगाने निवडीचे वचन देऊन ते वारंवार मोडले. वेतनाचे मूळ तत्त्व तर अगदी सरळ आहे. धनी वेतन देऊन कामाचे काही तास विकत घेतो. कामकऱ्याचे मन, त्याची शेज आणि त्याचा देह त्या सौद्यात येत नाही. हा नियम कर्व्यांच्या गणितास, सिरसांच्या मराठीस आणि साळव्यांच्या पहाऱ्यास सारखाच लागू होता. ज्यांनी तो मोडला त्यांनी आपल्याच संस्थेचे नुकसान केले: एका कॉलेजाने गणिताचा शिक्षक गमावला, एका विद्यापीठाने मराठीचा कवी गमावला, एका पोलीस दलाने मात्र, उशिरा का होईना, आपला शिपाई राखला.

पनवेल तालुक्यातील नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. त्याच्या आसपास कचेऱ्या, गुदामे, हॉटेले उभी राहत आहेत, आणि आपल्या मुलाबाळांची नावे तेथील हजेरीपटांवर चढणार आहेत. त्यांत सर्व प्रकारची मुले असतील. कोणते मूल कोणत्या प्रकारचे, हे प्रत्येक आईबापास ठाऊक असतेच असे नाही. म्हणून त्या हजेरीपटावर कोणते रकाने असावेत, हा प्रश्न परक्यांचा आहे असे समजून कोणत्याही सूज्ञ कुटुंबाने त्याकडे पाठ फिरवू नये, एवढीच आमची विनंती आहे.